कानबाईच्या वस्त्राचे धागे

आमच्या गल्लीत बायका एकमेकींना नावाने हाक मारत नाहीत. सुरतेतल्या नवागामच्या या रांगेत बिऱ्हाडं इतक्या ठिकाणांहून आलेली, की गाव हेच नाव होऊन बसतं. मी अकोलावाली. समोरच्या खोलीतली लातूरवाली. आणि माझ्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर राहणारी धुळेवाली. तिघींचे नवरे लूमच्या खात्यावर कापड विणायला, तिघींच्या खोल्या दहा बाय बाराच्या, आणि तिघींचा घरमालक एकच, जो भिंतीत खिळा ठोकू देत नाही.

खिळा ठोकू देत नाही, म्हणून तर सगळं सुरू झालं. मला घर सजवायचं भलतं वेड. वेड म्हणजे किती, तर नवरा म्हणतो, तुला कुणी तुरुंगात टाकलं तर तू आधी गजांना पडदा लावशील. खिळ्याविना भिंतीवर काय काय टांगता येतं याचा मी जो अभ्यास केला, त्यावर मला कुणी शाल-श्रीफळ दिलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं. कापडाच्या ताक्याच्या आत पुठ्ठ्याचा जाड नळा असतो. तो नळा खिडकीच्या दोन गजांत अडकवला की पडद्याचा दांडा तयार. फेंट म्हणजे ताक्यातून उरलेले तुकडे. ते जोडून पडदा. लेसच्या उरलेल्या पट्ट्यांचं तोरण. सुरतेत राहून ज्या बाईच्या घरात पडदा नाही, तिला मी मनातल्या मनात आळशी ठरवून टाकते. वाईट सवय आहे, पण आहे.

आमच्या तिघींचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्याचं नाव ‘दहा बाय बारा’. नवरे दिवसपाळीला गेले की त्यावर फोटो सुरू. कुणाच्या तरी बंगल्यातला पांढरा सोफा, कुणाच्या तरी गच्चीतला झोपाळा, काचेच्या बरणीत पाणी आणि पाण्यात एकच पान. लातूरवाली त्यावर लिहायची, ‘ह्याच्यात काय ठेवलंय ओ, नुसतं पान! आमच्याकडं बकरीबी तोंड लावायची न्हाई.’ आणि दुसऱ्या दिवशी तिच्या फ्रीजवर लोणच्याच्या बरणीत पाणी आणि त्यात मनीप्लांटचं एक पान. ही लातूरवाली सुताच्या रिकाम्या कोनांचे पोपट करते. शंकूसारखा पुठ्ठ्याचा कोन, त्याला हिरवी चिंधी, साडीवरची टिकली डोळ्याला. गल्लीतल्या निम्म्या दारांवर तिचे पोपट आहेत. सगळे किंचित चकणे.

धुळेवाली फोटो कमी टाकायची. पण आम्ही टाकलेला फोटो ती इतक्या बारकाईने बघायची, की मीच चकित व्हायचे. ‘पडद्याचा निळा आणि उशीचा निळा एक नाही. उशीच्या निळ्यात थोडा हिरवा आहे.’ मी जाऊन उन्हात धरून बघायचे. असायचा. रंगाच्या बाबतीत तिची नजर म्हणजे नजर. गप्प बाई, ठेंगणी, चालताना पायाचा आवाज नाही. मी दिवसभर बोलते आणि ती दिवसभर ऐकते, त्यामुळे आमचं छान जमलं होतं.

पोटापाण्याचं म्हणाल, तर तिघीही घरी बसून धागा कटिंग करतो. भरतकामाची साडी मशीनवरून उतरते तेव्हा तिच्या उलट्या बाजूला धागे लोंबत असतात, एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत. ते चिमटीत धरायचे आणि छोट्या कातरीने कापायचे. गठ्ठेच्या गठ्ठे. वर्षानुवर्षं हे केलं की डोकं वेगळीकडे आणि बोटं वेगळीकडे चालतात. माझी बोटं तर माझं विचारतच नाहीत. एकदा रिक्षात शेजारी बसलेल्या बाईच्या ओढणीचा धागा मी कापला. तिला कळलंही नाही. नवऱ्याच्या सदऱ्याचा, पोरीच्या फ्रॉकचा, दुकानात टांगलेल्या कपड्यांचा, कशाचाही सुटलेला दोरा दिसला की हात शिवशिवतात. कातर कायम गळ्यातल्या काळ्या दोरीत, मंगळसूत्राच्या खाली.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणाच्या तोंडावर धुळेवाली एका दुपारी खाली आली. साड्यांचा गठ्ठा न घेता आली, तेव्हाच मला वाटलं काहीतरी आहे.

“कानबाई ह्या वर्षी माझ्याकडे येणार,” ती म्हणाली. आणि एवढं बोलून तिने ओठ दाबून धरले. हसू दाबायचं होतं की रडू, मला कळलं नाही.

आम्हा वऱ्हाडच्या बायकांना कानबाई ठाऊक नाही. ती खानदेशची. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात बसते, सोमवारी वाजतगाजत पाण्यावर जाते. तिच्यासाठी घर रंगवतात, पडदे-चादरी बदलतात, चौरंग सजवतात. नारळाला नथ, डोळे, साडी-दागिने घालून देवी उभी करतात. घरातल्या माणसांच्या संख्येवर मुठी मोजून गहू घ्यायचा, त्याच्या पिठाचे रोट करायचे, आणि ते फक्त भाऊबंदांनीच खायचे. शेजारणीला घासही चालत नाही. इथे सुरतेत खानदेशी माणूस भरपूर, त्यामुळे त्या दिवसांत आमच्या भागात गल्लोगल्ली ढोल वाजतात. पण धुळेवालीच्या घरी ते कधी नव्हतं. त्यांची कानबाई गावी, मोठ्या जाऊबाईंकडे. दरवर्षी ही गावी जायची, मागच्या चुलीपाशी बसून रोट लाटायची आणि परत यायची.

आता मोठ्या जाऊबाईंचे गुडघे गेले होते. विधवा बाई, एकट्या, सणाचं ओझं उचलेना. धाकटे दोन दीर सुरतेत. मधल्याचा भेस्तानला फ्लॅट, लिफ्टवाला, छताला पीओपी केलेलं. आणि धाकटा म्हणजे हिचा नवरा. मोठ्या बाईंनी सांगितलं होतं की पहिल्या वर्षी धाकटीकडे बसवू. मी येऊन बघेन. मग कायमची कुणाकडे द्यायची ते मी ठरवीन.

“मधलीकडे जाईल,” धुळेवाली म्हणाली. “तिच्याकडे जागा आहे. सगळे मावतात.”

“मग तुले काय वाटते?” मी विचारलं.

ती पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली. “लग्नाला अकरा वर्षं झाली. मी सगळ्यांच्या घरी गेले. बारशाला, सुतकाला, लाटायला, भांडी घासायला. माझ्या घरी कुणीच आलं नाही गं. कशाला येतील? कानबाई राहिली, तर दरवर्षी यावंच लागेल.”

बस. मला तेवढं पुरलं. मी ग्रुपवर लिहून टाकलं, ‘वरची खोली आपण अशी सजवू की भेस्तानचं पीओपी खाली गळून पडलं पाहिजे.’ लातूरवालीने खाली चकण्या पोपटाचा फोटो टाकला. म्हणजे ती तयार.

पुढचे पंधरा दिवस आमच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. देवीच्या मागे काय, यावर वाद. मला मोराच्या पिसाऱ्यासारखा चुण्यांचा पंखा पाहिजे होता, धुळेवालीला साधा सरळ पडदा. “देवी दिसली पाहिजे, पडदा नाही,” ती म्हणाली. मी हट्टी. शेवटी पंखा ठरला, पण रंग तिने निवडले. हळदीचा पिवळा आणि डाळिंबी, आणि दोन्हींच्या मधे अगदी बोटभर हिरवी पट्टी. ती हिरवी पट्टी काढून टाकायला मी तीनदा सांगितलं. तिने तीनदा ऐकून घेतलं आणि ठेवली. लावल्यावर कळलं, त्या बोटभर हिरव्यानेच सगळा पंखा उठून दिसत होता. पुठ्ठ्याच्या नळ्यांची कमान झाली, तिला लेस गुंडाळली. घरमालक येऊन भिंतीला कुठे भोक आहे का बघून गेला. भोक नव्हतं. जाताना म्हणाला, “सरस छे,” आणि पोपटाला हात लावून गेला.

शुक्रवारी मोठं काम उरलं होतं. धुळेवालीचा नवरा आठवडाभर आधी गावी जाऊन कानबाईची पत्र्याची पेटी घेऊन आला होता. बाई शनिवारी दुपारच्या गाडीने येणार होत्या. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, पेटीतलं सामान उन्हात टाकून ठेव. ते सामान धुळेवाली एकटीच काढणार होती. पण गिरणीत गहू आधी दळून आणायचा होता, आणि सणाच्या गव्हाला गिरणी धुऊन मागावी लागते, म्हणून ती स्वतः गेली. जाताना म्हणाली, “मी आले की पेटी उघडू.”

उघडू, असं ती म्हणाली. मी ते ऐकलं होतं. इथेच सांगून टाकते, म्हणजे नंतर मला कुणी साळसूद समजायला नको.

लातूरवाली जिन्यात चिंध्या झाडत होती. मी पंख्याकडे बघत उभी होते आणि मला राहवेना. देवीच्या अंगावर कोणत्या रंगाचं वस्त्र येणार? पंख्याशी जुळलं नाही तर? डाळिंबीवर डाळिंबी गेली तर देवी पडद्यात हरवून जाईल. फक्त रंग बघायचा, असं म्हणत मी पेटी उघडली. वर चौरंगाची झालर, एक जुनी साडी, दागिन्यांचा डबा. तळाशी लाल फडक्यात बांधलेलं गाठोडं. ते सोडलं.

आत एक वस्त्र होतं. रुमालापेक्षा मोठं, जुनं, सुती, धुऊन धुऊन विरलेलं. मूळ रंग कोणता असेल ते सांगता येऊ नये असं. ते मी पंख्यापुढे धरलं. फिकट होतं, कशावरही गेलं असतं, माझा जीव भांड्यात पडला. एका काठाला मात्र धागे लोंबत होते. ओळीने, बोटबोट अंतरावर. कुठे पीळ पडलेले, कुठे मळून काळे झालेले. डोक्यात पंखा, चौरंग, झालर कुठून कशी येईल याचा हिशोब चालू होता, आणि बोटं आपलं काम करत होती. चिमूट, कातर. चिमूट, कातर. काठ स्वच्छ झाला. मी वस्त्र झटकलं, घडी घातली, लाल फडक्यात होतं तसं बांधलं. मागून लातूरवालीने फरशी झाडून घेतली आणि केर चिंध्यांच्या पोत्यात टाकला. मला तर वाटत होतं, मी चांगलं काम केलं.

धुळेवाली पिठाचा डबा डोक्यावर घेऊन आली. पेटी उघडी बघून थबकली.

“गाठोडं सोडलं का?” तिने विचारलं.

“सोडलं, बांधलंबी. वस्त्र जुनं आहे पण जाईल. काठाले धागे लोंबत होते, ते साफ करून देल्ले.”

तिने डबा खाली ठेवला नाही. तसाच डोक्यावर धरून ती उभी राहिली. लातूरवालीने जाऊन तो उतरवला. मग ती खाली बसली आणि तिने सांगितलं. आवाज चढवला नाही, तेच मला जास्त लागलं.

त्यांच्या घराण्यात सून पहिल्यांदा कानबाईला आली, की आपल्या लग्नाच्या शालूच्या पदराचा एक धागा काढून देते. घरातली सगळ्यात मोठी बाई तो त्या वस्त्राच्या काठाला बांधते. तिच्याशिवाय त्या वस्त्राला कुणी हात लावत नाही. उन्हात टाकायचं ते बाकीचं सामान, गाठोडं नव्हे. बाकीच्यांनी लांबून नमस्कार करायचा. नऊ सुनांचे नऊ धागे होते. त्यातल्या सहा जणी आता नाहीत.

मी पोतं ओतलं. खोलीच्या मधोमध. तीन बायकांचा आठवड्याचा धागा कटिंगचा कचरा त्यात होता. लाल, हिरवा, सोनेरी, राणी, सगळ्या रंगांचा गुंता, उशीत भरण्याइतका. आम्ही तिघी त्यात हात घालून बसलो. दिवस कलला तरी बसलो. मी एकेक उचलून विचारायचे, “हा? हा बघ, जुना दिसते.” ती बघायची आणि मान हलवायची. एकही सापडला नाही. जुना शालूचा धागा आणि नवा नायलॉनचा धागा वेगळा दिसायला हवा की नाही? पण ते इतके बारीक आणि मळके होते, की त्या ढिगात कुठे विरले देव जाणे.

मग मी ते बोलले, जे बोलायला नको होतं. “आपण नवे बांधू. चहाच्या पाण्यात बुडवून जुने करू. तू रंग सांग, मी जुळवते. कोणाच्या बापाले कळणार नाही.” आणि खरंच सांगते, आम्हाला ते जमलं असतं. सुरतेच्या बायका आहोत आम्ही.

ती माझ्याकडे बघत राहिली. “आणि मी दरवर्षी त्यालाच हात जोडू?”



शेवटी तिने ठरवलं, की बाईंना गाठोडं सोडायच्या आधी सांगायचं. पण माझ्याकडे वळून म्हणाली, “तू बोलू नको. माझ्या हातून झालं म्हणून मी सांगेन. परक्या बाईचा हात लागला म्हटलं तर त्या पेटी उचलून आत्ताच्या आत्ता भेस्तानला जातील.” मी हो म्हटलं. भीती वाटत होती, म्हणूनही म्हटलं. एरवी तोंडाला कुलूप नसलेली बाई मी, त्या दिवशी मूग गिळून बसले आणि मला ते सोयीचं वाटलं.

शनिवारी बाई आल्या. उधना स्टेशनला उतरून रिक्षाने. वाळक्या, उंच, पायऱ्या एकेक करून चढल्या, प्रत्येक पायरीला एक सुस्कारा. मागे भेस्तानच्या मधल्या जाऊबाई, हातात मिठाईचा डबा. खोलीत पाऊल टाकताच बाई थांबल्या. पंखा, कमान, पडदे, खिडकीतला पोपट, सगळं नीट बघितलं. त्या हिरव्या पट्टीपाशी त्यांची नजर जरा जास्त थांबली. “बेस सजाडं,” म्हणाल्या. मी आणि लातूरवाली दाराशी उभ्या होतो. मला वाटलं आता धरणी दुभंगावी, किंवा निदान रिक्षावाला तरी भाड्यावरून भांडत वर यावा.

त्यांनी गाठोडं मांडीवर घेतलं, तोच धुळेवाली पुढे झाली.

“बाई, सोडानं पहिले आयका. मन्हा हातथून चूक व्हयनी. वस्त्रना धागा कापायी गयात.”

बाईंनी गाठोडं सोडलं. काठावरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग परत. त्या रडल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. मधल्या जाऊबाई म्हणाल्या, “मी सांगंच व्हतं. एक खोलीमा देवीनं कसं व्हई?”

“तू थांब,” बाई म्हणाल्या. आणि धुळेवालीला, “किती व्हतात?”

“नऊ.”

“कोन्हा कोन्हा? सांग.”

मला वाटलं, झालं. ही दरवर्षी मागच्या चुलीपाशी बसणारी, लांबून हात जोडणारी. हिला काय सांगता येणार?

धुळेवालीने डोळे मिटले आणि सांगू लागली. डावीकडून पहिला, राखाडी दिसायचा पण मुळात जांभळा, सासूच्या सासूचा. त्याच्या शेजारी दोन लाल, अगदी जवळजवळ, एकाच घरात दिलेल्या सख्ख्या बहिणींचे. एकीच्या लालात तपकिरी जास्त, कारण तिचा शालू आईचा होता. मग केशरी. तो त्या काकूचा, जी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बाळंतपणात गेली आणि जिचं नाव घरात कुणी काढत नाही. त्यानंतरचा जरीचा पिवळा, टोकाला उसवलेला, चुलत सासूचा. मग हिरवा, सासूचा. इथे ती थांबली आणि पुढे गेली. मग मोठ्या बाईंचा डाळिंबी. मधल्या जाऊबाईंचा फिका गुलाबी, धुताना पिवळ्याचा डाग लागलेला. आणि शेवटचा मोरपंखी, तिचा स्वतःचा.

केशरीचं ऐकून बाईंनी पदर तोंडाला लावला होता. नंतर कळलं, ती काकू बाईंची सख्खी आत्या होती, तिच्यामुळेच बाईंच्या माहेरचा या घराशी संबंध जुळला होता, आणि तिचा धागा कोणता हे बाईही विसरल्या होत्या.

“तुले कोनी सांगं हे?”

“सासूबाईस्नी. पहिल्या वरसे. रोट लाटता लाटता.”

बाई मधल्या जाऊबाईंकडे वळल्या. “तुन्हा कोन्ता व्हता?” मधल्या जाऊबाईंनी लाल म्हटलं, मग केशरी म्हटलं, मग मिठाईचा डबा या हातातून त्या हातात घेतला.

मला इतका आनंद झाला, की मी लातूरवालीचा हात दाबला. जिंकली, असं वाटलं. पण बाई परत धुळेवालीकडे बघत होत्या, आणि आता त्यांची नजर बदलली होती.

“जिले यवढं ठावं शे, तिन्हा हात चालस का त्यासवर? तू नही कापात. खरं सांग. कोनी कापात?”

धुळेवालीने माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर कळलं असतं ना. खाली मान घालून ती फरशीकडे बघत राहिली, आणि मला दिसलं की ही आता काही बोलणार नाही. खोटी ठरेल, कानबाई घालवेल, पण बोलणार नाही.

“म्या कापले, बाई,” मी म्हटलं. माझाच आवाज मला कुणा दुसरीचा वाटला. “गाठोडंबी म्याच सोडलं. तिले माहीत नव्हतं, ती गिरणीत गेलती. मी तुमच्या घरातली नाही. जे काय बोलाचं ते मले बोला, तिले नका बोलू.”

बाईंनी माझ्या पायांपासून वर बघत गळ्यातल्या दोरीपर्यंत बघितलं. “दे ती कातर इकडे.”

मी काढून दिली. दोरीची गाठ सुटेना, लातूरवालीने सोडवली. बाईंनी स्वतःच्या पदराचा काठ उचलला, एक धागा ओढला आणि माझ्याच कातरीने कापला. तो वस्त्राच्या काठाला बांधला. मधल्या जाऊबाईंकडे हात केला, त्यांनी नवी साडी म्हणत कुरकुर करून दिला. मग धुळेवालीकडे. तिने ट्रंकेतून मोरपंखी शालू काढला, इतकी वर्षं कागदात गुंडाळून ठेवलेला. तीन धागे बांधून झाले. डावीकडची सहा जणींची जागा बाईंनी तशीच मोकळी ठेवली. “मरेलस्ना धागा आपन कसा बांधसूत,” एवढंच म्हणाल्या.

वस्त्राची घडी घालताना त्या म्हणाल्या, “कानबाई आठेच राही.” इथेच राहील, असं; कुणाला उद्देशून नाही, नुसतंच. मग कातर माझ्या हातात देऊन, “तू उद्या मझार पाय ठेवू नको. पूजालेबी नही.” मझार म्हणजे आत. मी मान डोलावली. मला ते रास्तच वाटलं. त्यांनी मला मिठी मारून माफ केलं असतं, तर मला ते जड गेलं असतं.

रविवारी दुपारपासून माणसं आली. भेस्तानहून, डिंडोलीहून, कामरेजहून. दाराबाहेर चपला मावेनात, जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत आल्या. मी आणि लातूरवाली खाली ओट्यावर बसून त्या मोजत होतो आणि वरून येणारी गाणी ऐकत होतो. भोपळ्याच्या भाजीचा, कढीचा वास येत होता. लातूरवाली म्हणाली, “वास तरी घ्यायला चालतंय का ओ, का त्येबी भाऊबंदांनीच घ्यायचा?” मला हसू आलं आणि मग बरं वाटलं.

आरती झाल्यावर धुळेवाली खाली आली. नवी साडी, कपाळभर कुंकू, गालाला पिठाचा हात लागलेला. वर तिचं घर माणसांनी भरलेलं आणि ही येऊन माझ्याशेजारी ओट्यावर बसली. मी म्हटलं, “अगं जा, पाहुणे आहेत.” ती उठली नाही. लातूरवाली शहाणी, पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली.

मी माफी मागितली. शुक्रवारपासून शंभरदा मागितली असेल, पण कचऱ्यात हात घालताना मागितलेली माफी वेगळी. ती म्हणाली, “मला राग आला होता. अजून आहे.” मी म्हटलं, “असू दे.”

मग ती हळूच म्हणाली, “एक विचारू? मी तो हिरवा अकरा वर्षं लांबूनच बघितला. हात कधी लागला नाही. सासूबाई गेल्या तेव्हा मी इथे होते, पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांचं माझ्याजवळ काहीच नाही.” तिने माझ्या हाताकडे बघितलं. “तू धरलास तेव्हा तो कसा होता गं? मऊ होता का?”

मऊ होता, असं म्हणणं किती सोपं होतं. ते माझ्या जिभेवर आलंही होतं. पण आदल्या दिवशी तिने माझ्यासाठी खोटं बोलून बघितलं होतं, आणि त्याचं काय झालं ते मी बघितलं होतं.

“मले आठवत नाही,” मी म्हटलं. “मी पाह्यलंच नाही त्याले.”

मला रडू फुटलं. ती रडली नाही. तिने माझा उजवा हात घेतला, अंगठा आणि पहिलं बोट, धागा चिमटीत धरणारी ती दोन्ही, एकत्र आपल्या मुठीत धरली आणि तशीच बसून राहिली. वरून तिला हाका येत होत्या. तिसऱ्या हाकेला ती उठून गेली.